जुनी इंजिनं, तुमचे प्रश्न : वॉल्व्ह सीट हाताने कापायची असेल तर

या वेळचे बरेचसे प्रश्न वॉल्व्ह सीटबद्दलच (वॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर टेकतो ती) आलेत, त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकात घेतो आणि आजची सगळी जागा यालाच देतो.

प्रश्न : सर, माझ्याकडे १९३०च्या दशकातलं चार सिलिंडरचं साइड वॉल्व्ह (वॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन आहे. हेड काढलं तर एक्झॉस्टच्या सीटवर खड्डे पडलेले दिसले. हाताने फिरवायचा जुना कटर सेट मिळालाय, पायलटसकट. मशिनवर न देता स्वतःच कापायचं म्हणतोय. ४५ अंशाचा कटर लावून सुरुवात केली तर चालेल ना?

उत्तर : कटर अजून पेटीतच राहू द्या. सीटचं काम सीटपासून सुरू होत नाही, गाईडपासून होतं, म्हणजे वॉल्व्हचा दांडा (स्टेम) ज्या नळीत वर-खाली सरकतो तिथून. कटरला मधोमध धरून ठेवतो तो पायलट, आणि पायलट बसतो गाईडमध्ये, म्हणजे गाईड जिकडे झुकलंय तिकडेच सीट झुकणार. गाईड झिजून तोंडाशी मोठं झालं असेल, आणि एक्झॉस्टचं बहुतेक वेळा झालेलंच असतं, तर पायलट किंचित तिरका उभा राहतो, मग तुम्ही कितीही जीव ओतून कापा, सीट दिसेल चकाचक पण वॉल्व्ह तिच्यावर एकाच बाजूने टेकेल. कंपासचं टोक कागदावर सरकलं की वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत, तसं होतं ते.

म्हणून आधी गाईडमधला कार्बन ब्रशने पूर्ण काढा. मग न झिजलेल्या स्टेमचा वॉल्व्ह घाला, सीटपासून थोडा वर उचलून धरा आणि डोकं इकडून तिकडे हलवून बघा, डायल गेज असेल तर उत्तमच. स्टेम आणि गाईडमधला प्ले (सैलपणा) इनटेकला साधारण ०.०३ ते ०.०८ मिमी असतो, एक्झॉस्टला थोडा जास्त, नक्की आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचाच धरा. एक लक्षात ठेवा, वर उचललेल्या डोक्यापाशी जी हालचाल दिसते ती खऱ्या प्लेपेक्षा जास्तच दिसते, त्यामुळे बघितल्या बघितल्या घाबरू नका. गाईड बदलायचे ठरले तर गाईड आधी, सीट नंतर, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही, कारण नव्या गाईडचा मध्य जुन्याच्या मध्यावर तंतोतंत येत नाही आणि आधी कापलेली सीट फुकट जाते. शिवाय दाबून बसवल्यावर गाईड आतून आवळतं, त्यामुळे रीमर फिरवावाच लागतो.

आता पायलट. जुन्या सेटमधला पायलट आहे तर आधी तो सरळ आहे का बघा, सपाट काचेवर हळू लोळवला तरी वाकलेला पायलट लगेच कळतो. किंचित निमुळते पायलट येतात, ते एकेका थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) फरकाने असतात, त्यातला गाईडमध्ये घट्ट रुतून बसणारा निवडायचा. बसवल्यावर वरचं टोक बोटांनी हलवून बघा, जराही हललं तर पुढच्या मापाचा घ्या. पसरणारे पायलटही असतात आणि ते सोयीचे आहेत, पण झिजलेल्या गाईडमध्ये ते पसरून कुठेतरी मधला तिरकेपणा धरतात आणि घट्ट बसल्यासारखे वाटतात, म्हणजे चूक झाकली जाते. मला निमुळता जास्त भरवशाचा वाटतो.

तुमचं साइड वॉल्व्ह आहे आणि ब्लॉक गाडीतच असेल तर एक काम अजिबात टाळू नका. सिलिंडर, टॅपेट चेंबर (कॅमच्या जोरावर वॉल्व्ह उचलणारे टॅपेट असतात ती जागा) आणि तिथून खाली तेलाच्या चेंबरकडे जाणारी सगळी भोकं ग्रीस लावलेल्या कापडाने बुजवा. बिडाचा चुरा बारीक असतो, कुठेही जातो, आणि बेअरिंगमध्ये गेला तर सीटसाठी वाचवलेलं सगळं तिकडे जाईल.

हे झालं की कटर. पण कोन आधी नीट ओळखा. काही सेटवर कोन हेडच्या सपाटीपासून मोजून छापलेला असतो, काहींवर मधल्या अक्षापासून, त्यामुळे ४५चा तोच राहतो पण ३० आणि ६० यांची अदलाबदल होते. आकडा वाचू नका, कटरच बघा. चपटा पसरलेला असतो तो सीटच्या वरच्या बाहेरच्या कडेसाठी, उभट असतो तो खालच्या आतल्या कडेसाठी म्हणजे घशासाठी. आणि तुमच्या इंजिनची सीट ४५चीच आहे ना हेही बघून घ्या, बऱ्याच इंजिनांत ती ४५ असते पण काही जुन्या इंजिनांत, विशेषतः इनटेकला, ३० अंश दिलेले आहेत. त्यामागे हिशोब आहे, तेवढ्याच लिफ्टला ३० अंशाच्या सीटवर फट जास्त उघडते (लिफ्टच्या सुमारे ०.८७ पट, ४५ला सुमारे ०.७१ पट), उलट ४५ची सीट वॉल्व्हला पाचरीसारखी जास्त घट्ट धरते, म्हणून एक्झॉस्टला तीच बरी. कंपनीने जो दिलाय तो ठेवा, आपण बदलायला जाऊ नये.

पायलटवर तेलाचा एक थेंब, ४५चा कटर हळूच खाली सोडा, आपटू नका, कार्बाइडचं पातं असेल तर टवका उडतो. दोन्ही हातांनी टी हँडल सारखं धरा, घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलटं कधीच नाही. जोर? कटरचं स्वतःचं वजन आणि वरून दोन बोटांचा दाब, बस. एक-दोन फेरे, कटर काढा, चुरा पुसा, बघा. परत एक-दोन फेरे, परत बघा. सगळीकडून सलग चकाकी दिसली की त्या क्षणी थांबायचं. एखादा खोल खड्डा राहिला तर तो नेमका कुठे आहे ते बघा, कारण तो पुढे ३० किंवा ६०च्या कापात निघून जाणार असेल तर त्याच्यासाठी अख्खी सीट खाली न्यायची गरज नाही.

इथे मी जरा जास्तच आग्रही आहे, कारण बीड परत भरता येत नाही. ४५ अंशाच्या सीटवरून तुम्ही काटकोनात ०.१ मिमी काढलं की वॉल्व्ह ०.१४ मिमी खाली बसतो. वॉल्व्ह खाली बसला की टॅपेटची फट कमी होते, स्प्रिंगची लांबी वाढून तिचा दाब ढिला होतो, आणि साइड वॉल्व्हमध्ये वॉल्व्ह खड्ड्यात गेल्यासारखा होऊन हवेची वाटच अडते. शिवाय ही सीट ब्लॉकमध्येच आहे, हेडसारखं दुसरं आणून लावता येत नाही. नव्वद वर्षांत त्या ब्लॉकवर आधी किती जणांनी कटर फिरवलाय हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्यानंतरही कुणाला तरी तो फिरवायचा आहे.

४५चा काप झाला की सीट बहुतेक वेळा रुंद झालेली असते. ती किती हवी? इनटेकला साधारण १ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी. एक्झॉस्टला जास्त कारण त्या वॉल्व्हच्या डोक्यातली बरीचशी उष्णता सीटमधूनच पाण्याकडे जाते, सीट बारीक ठेवली तर वॉल्व्ह तापून जळतो. आणि फार रुंद ठेवली तर स्प्रिंगचा दाब पसरतो, कार्बनचे कण चिरडले न जाता मध्येच अडकून बसतात आणि गळती सुरू होते.

रुंदी कमी करायच्या आधी निळा लावा. वॉल्व्हच्या तोंडावर मार्किंग ब्लूचा (टेकल्याची खूण उमटवणारा निळा रंग) अगदी पातळ थर, वॉल्व्ह सरळ सोडून दाबा, फिरवू नका, फिरवला की निळा सगळीकडे फासला जातो आणि खोटं समाधान मिळतं. सीटवर सगळीकडे सलग पट्टा उमटला पाहिजे, आणि वॉल्व्हच्या तोंडावर तो साधारण मधोमध किंवा किंचित बाहेरच्या बाजूला यायला हवा. पट्टा वॉल्व्हच्या कडेला अगदी चिकटून आला असेल तर चपट्या कटरने वरची कड घ्या, पट्टा आत सरकतो. स्टेमकडे जास्त आला असेल तर उभट कटरने खालून घ्या, पट्टा बाहेर सरकतो. हे कटर फार पटकन कापतात, अर्धा फेरा घेऊन बघावं असे. शेवटी परत ४५चा एक अगदी हलका फेरा, जवळजवळ जोर न लावता, म्हणजे कडेला आलेली कूस (धातूची बारीक धार) निघते. आणि हे सगळं करताना वॉल्व्ह आधीच तयार हवा, नवा किंवा मशिनवर तोंड घेतलेला, डोक्याची कड निदान ०.८ मिमी जाड उरलेली. कड धारदार झाली असेल तो वॉल्व्ह टाकून द्या, तो जळणारच.

प्रश्न : कटरने सीट कापल्यावर पेस्टने घासायचे की नाही? एक जण म्हणतो घासल्याशिवाय वॉल्व्ह बसतच नाही, दुसरा म्हणतो पेस्ट लावली तर सगळं बिघडतं.

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. काप नीट झाला असेल तर बारीक पेस्टने थोडा वेळ हलक्या हाताने घासलेलं चांगलंच, खरं तर ती तपासणीच असते, करडा पट्टा सलग आला की समजायचं काम जमलं. पण खड्डे काढायला जाड पेस्ट घेऊन तासभर घासत बसणं चुकीचं, त्याने वॉल्व्हच्या तोंडावर खाच पडते, सीट गोलसर होते, आणि इंजिन तापल्यावर वॉल्व्ह थोडा वाढतो तेव्हा ती खाच आणि सीट जुळतच नाहीत. काही जण वॉल्व्ह ४४ आणि सीट ४५ असा अर्धा-एक अंशाचा फरक मुद्दाम ठेवतात म्हणजे सुरुवातीला बारीक रेषेवर टेकून लवकर बसतो, तो फरक जास्त घासलं की पुसला जातो. आणि तोंडावर कोटिंग असलेला वॉल्व्ह असेल तर पेस्ट अजिबात लावू नका, कोटिंगच निघून जाईल.

जुन्या वॉल्व्हच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच असते, ती असेल तर वापरा, नाहीतर रबरी कपची काठी. डोक्याखाली एक मऊ हलकी स्प्रिंग ठेवली तर वॉल्व्ह आपोआप उचलला जातो, मग थोडं फिरवून परत नव्या जागेवर टेकवता येतं. पेस्ट स्टेमवर जाऊ देऊ नका, गाईड खाऊन टाकेल. झाल्यावर रॉकेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, लगेच तेलाचा हात फिरवा.

प्रश्न : कटर फिरवताना थरथरतो आणि सीटवर किरणांसारख्या लाटा पडतात. जितकं कापतो तितक्या त्या वाढतात. पाती नवी आहेत.

उत्तर : मग कापणं थांबवा, त्या लाटा कापून जात नाहीत, कटर आपल्याच लाटांवर परत परत चढतो. पहिला संशय पायलटवर, तो सैल असणार. तो घट्ट असेल तर हात बघा, एका हाताचा जोर जास्त पडतोय का. तेही नसेल तर सीटचा वरचा थर कडक झालाय, वर्षानुवर्षं वॉल्व्ह आपटून आणि तापून बिडावर काचेसारखा गुळगुळीत थर येतो आणि पातं त्याच्यावरून घसरतं. कटरखाली पॉलिश पेपरचा तुकडा, खरखरीत बाजू सीटकडे करून, ठेवा आणि दोन-चार फेरे द्या, तो थर मोडतो. जुन्या सेटमध्ये खाचा पाडलेल्या पात्यांचा एक खडबडीत कटर असतो, तो याच्यासाठीच, त्याने सुरुवात करायची आणि साध्याने संपवायचं. पडलेल्या लाटा घालवायला वेगळ्या संख्येच्या पात्यांचा कटर घेतलात तर फार फरक पडतो, कारण मग पाती त्याच त्याच लाटांत पडत नाहीत. फिरवायचा वेग कमी, जोर कमी, पण फेरा सलग, मध्ये अडखळू नका.

आणि एक शक्यता, ती सीट बिडाची नसून मागे कुणीतरी बसवलेली कडक इन्सर्ट (सीटसाठीची वेगळी कडी) असेल. तसं असेल तर जुनी साध्या पोलादाची पाती तिच्यावर चालणारच नाहीत, कार्बाइड लागेल किंवा दगडाचं ग्राइंडिंग. इन्सर्टच ढिली असेल तरी अशीच थरथर होते, तिच्याभोवती बारीक काळी रेघ दिसते का बघा.

प्रश्न : फोर्ड मॉडेल टी. सीट कापल्यावर वॉल्व्ह टॅपेटला टेकूनच बसतोय, फट शून्य. टॅपेटला ॲडजस्ट करायचा स्क्रूच नाही.

उत्तर : बरोबर, १९०८ ते १९२७ या काळातल्या सगळ्या मॉडेल टीला मूळचे टॅपेट तसेच होते. फट आणायची तर स्टेमचं खालचं टोक घासायचं, पण हाताने कानशीने नाही, टोक तिरकं झालं तर वॉल्व्ह प्रत्येक वेळी एका बाजूला ढकलला जाऊन गाईडचं भोक खाईल (टीला वेगळं गाईड नाही, ब्लॉकमध्येच भोक आहे, ते झिजलं की रीम करून जाड स्टेमचा वॉल्व्ह घालावा लागतो). व्ही ब्लॉकमध्ये धरून ग्राइंडरवर काटकोनात घ्या. फोर्डने सांगितलेली फट इंचाच्या ६४व्या भागापेक्षा कमी नको आणि ३२व्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ०.४ ते ०.८ मिमी. थोडं घ्या, बसवून मोजा, परत घ्या. मोजताना तो टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर, म्हणजे पूर्ण खाली हवा. स्क्रूवाले टॅपेट नंतर बाहेरून मिळायला लागले, ते लावले तर पुढच्या वेळी सोपं जाईल.

प्रश्न : सर, पेट्रोलमधलं लेड गेलं, त्यामुळे जुन्या इंजिनला कडक सीट बसवायलाच पाहिजे असं सगळे सांगतात. आता सीट कापायला काढलंच आहे तर बसवून टाकू का?

उत्तर : सरसकट नको. आधी इंजिनचं साल बघा. लेडचा अँटिनॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक थांबवणारा) गुण थॉमस मिजली यांना जनरल मोटर्समध्ये १९२१ला सापडला आणि तसं पेट्रोल विकायला लागले १९२३मध्ये. त्याच्या आधीची इंजिनं लेडशिवायच बनली आणि लेडशिवायच चालली. लेडचा सीटला फायदा होत होता हे मात्र खरं, जळल्यावर त्याचे क्षार सीटवर पातळ थर धरायचे आणि लाल तापलेला वॉल्व्ह बिडाला थेट चिकटायचा नाही. तो थर नसला की दर आपटीला सूक्ष्म वेल्डिंग होतं, कण उपटले जातात, आणि सीट हळूहळू खाली जाते. पण हे जोरात व्हायला सतत जास्त आरपीएम आणि जास्त लोड लागतो. आरामात फिरणाऱ्या, वर्षातून थोडीच चालणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं काही होत नाही. अल्जीरियाने जुलै २०२१ला विक्री बंद केल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांसाठी लेडचं पेट्रोल जगात कुठेच अधिकृतपणे उरलं नाही, आणि तरीही मूळच्या बिडाच्या सीटवर कितीतरी जुनी इंजिनं फिरतायत.

माझं मत असं, सीटमध्ये पुरेसं बीड शिल्लक असेल तर ते कापून इन्सर्टसाठी खोल खोबण करणं म्हणजे चांगलं ते घालवणं. त्यात जुन्या ब्लॉकची भिंत किती जाड आहे कळत नाही, खोबण करताना पाण्याच्या जॅकेटमध्ये भोक पडलं तर ब्लॉकच गेला. त्यापेक्षा टॅपेटची फट नियमित मोजा आणि वहीत लिहून ठेवा. एक्झॉस्टची फट दर वेळी आपोआप कमी होत चाललीय असं दिसलं तर सीट खाली जातेय, तेव्हा इन्सर्टचा विचार करा. सीट आधीच इतकी खाली गेलीय की कापायला काही उरलंच नाही, किंवा तडा गेलाय, तर मात्र पर्याय नाही. ते काम मशिनवरच, खोबणसुद्धा गाईडचाच मध्य धरून, बिडात इन्सर्ट साधारण ०.०८ ते ०.१३ मिमी घट्ट बसवतात, हेड गरम आणि इन्सर्ट थंड करून. बसवल्यावर परत सीट कापावी लागतेच.

प्रश्न : ज्या इंजिनला हेड सुटं होतच नाही त्याची सीट कापतात कशी?

उत्तर : इंजिनप्रमाणे वेगवेगळी. जुन्या साइड वॉल्व्हमध्ये प्रत्येक वॉल्व्हच्या बरोबर वर पेचाचं झाकण असतं, ते काढलं की वरून पायलट आणि कटर जातो, फक्त दिसतं कमी, छोटा आरसा आणि दिवा ठेवा. ब्यूइकच्या सुरुवातीच्या ओव्हरहेड (वॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) इंजिनांत वॉल्व्ह, गाईड, सीट सगळं एका सुट्या केजमध्ये आहे, केज काढून टेबलावर निवांत काम करता येतं, पण मग केज जिथे हेडमध्ये टेकते ती जागाही तितकीच नीट जुळवावी लागते नाहीतर तिथूनच गळतं. खरी परीक्षा १९२०च्या दशकातल्या बेंटली ३ लिटरसारख्या इंजिनांची, हेड आणि सिलिंडर एकाच कास्टिंगमध्ये, वर चार-चार वॉल्व्ह. तिथे अख्खा ब्लॉक क्रँककेसवरून उचलून उलटा करून, सिलिंडरच्या तळातून लांब दांड्याने कटर आत न्यावा लागतो. एवढ्या लांब दांड्यावर हात जरा जरी कलला तरी कटर कलतो, आणि सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा पडायची भीती वेगळी, भिंतीला पातळ पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची नळी लावून मगच करा. पहिल्यांदा सीट कापणाऱ्याने यापासून सुरुवात करू नये.

प्रश्न : सगळं झाल्यावर गळती नाही हे इंजिन जोडायच्या आधी कसं कळेल?

उत्तर : सुट्या हेडला स्प्रिंगसकट वॉल्व्ह बसवा, हेड आडवं करून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि चेंबरच्या बाजूने बघा, काही मिनिटं कोरडं राहिलं पाहिजे. साइड वॉल्व्हला उलटं, वॉल्व्हच्या डोक्यावर खोलगट जागेत थोडं ओतायचं आणि पोर्टमध्ये दिवा धरून बघायचं. नुसता ओलसरपणा आला तर परत निळा लावून बघा, कटर लगेच उचलू नका, बऱ्याचदा कार्बनचा एखादा कणच मध्ये असतो. इंजिन जोडून पहिल्यांदा चांगलं तापवून थंड झालं की मॅन्युअलमध्ये असेल तर हेडचे नट त्या क्रमाने परत ताणा आणि त्यानंतर टॅपेट परत सेट करा, नट ताणायच्या आधी केलेली सेटिंग ओव्हरहेडमध्ये बदलते. थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा फट मोजा, नवी सीट बसताना ती थोडी कमी झालेली असते, एक्झॉस्टची आधी बघा.